रिक्षात राहिलेलं चित्र

रिक्षा निघून गेल्यावर महांतेशच्या लक्षात आलं, की आपले दोन्ही हात मोकळे आहेत.

तो एचएसआर लेआउटमध्ये फ्रेमवाल्याच्या दुकानासमोर उभा होता. ऑफिसचा फोन कानाला लावूनच तो उतरला होता, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं, त्याच्या बायकोनं, कावेरीनं केलेलं चित्र सीटच्या मागे तसंच राहिलं होतं. ॲपवर काही मिळेना म्हणून बेळ्ळंदूरला हात करून थांबवलेली रिक्षा. नंबर पाहिला नव्हता. तो मागे धावला, पण सिग्नल सुटला होता.

चित्र म्हणायचं एवढंच. प्लायवूडवर जुन्या साड्यांचे काठ, चहात भिजवलेले कागद, जळक्या मोटारीतली तांब्याची तार, गंजलेले पत्रे. पहाटेचं तळं कसं दिसतं ते कावेरीला त्यात आणायचं होतं. सहा वर्षं ती आणत होती. आज चिकटवलेलं उद्या ब्लेडनं खरवडून काढायची. विचारलं की म्हणायची, "आणखी स्वल्प राहिलंय." या सहा वर्षांत तिनं दुसरं काही हातात घेतलं नव्हतं. एका प्रदर्शनाला ती कशीबशी तयार झाली, तीसुद्धा प्रदर्शन संपलं की चित्र परत टेबलावर आणायचं या अटीवर.

घरी येऊन त्यानं सांगितलं.

"कुठं राहिलं?" कावेरीनं विचारलं.

"रिक्षात. मी फोनवर होतो."

ती स्टुलावर बसली. "कुठल्या चादरीत बांधलं होतं?"

"त्या फाटक्या पिवळ्या."

"सरी," बरं, एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी ती रडली. त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याला तेच जड गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं प्रदर्शनवाल्यांना फोन करून आपलं नाव काढायला सांगितलं.

महांतेशनं पोलीस ठाण्यात कळवलं. ऑफिस सुटलं की तो एकेका रिक्षास्टँडवर जायचा. कन्नडमध्ये, हिंदीत, निपाणीकडचा कुणी भेटला तर मराठीत, सगळ्यांना चादरीचं वर्णन सांगून आपला नंबर द्यायचा. "नोडोण सर," बघू या, असं म्हणून ते नंबर घ्यायचे.

एक दिवस तो जेवायच्या वेळेला घरी आला तर कावेरी झोपली होती. भरदुपारी ती कधी झोपत नसे. उठली, चहा केला, आणि रिकाम्या टेबलाशी जाऊन बसली. जुन्या गाळणीची जाळी, मसुरीची डाळ, साडीच्या काठाचा एक तुकडा. दिवेलागणीपर्यंत तळहाताएवढं काहीतरी तयार झालं होतं.

"हे काय?"

"माहीत नाही. झालं."

"आणखी स्वल्प राहिलंय" याची वाट बघत तो उभा राहिला. ते आलं नाही.

मग तसली आणखी झाली. एक तिनं शेजारच्या रक्षिताला देऊनही टाकलं. काम करताना ती गुणगुणू लागली. जेवताना परत भात वाढून घेऊ लागली. महांतेशला वाटे, आपल्याला बरं वाटावं म्हणून ही एवढं करते आहे. त्याचा शोध आणखी वाढला.

"मारतहळ्ळीच्या स्टँडवरही सांगून आलोय," एका संध्याकाळी तो म्हणाला. "सापडेल बघ."

कावेरी कागदावर डिंक पसरत होती. तिचा हात थांबला.

"सापडलं तर पुरं करावं लागेल," ती म्हणाली.

"कर की."

"हो." तिनं ब्रश धुऊन ठेवला. त्या संध्याकाळी ती पुन्हा टेबलाशी बसली नाही.

रविवारी सकाळी फोन आला. परसू नावाचा माणूस, के. आर. पुरमचा.

"साहेब, गाडी माझी, पण त्या दिवशी मेहुणा चालवत होता. तो गावाला गेला आणि गाडी दारातच थांबली. काल धुवायला काढली तर सीटमागं हे घावलं. स्टँडवर तुमचा नंबर मिळाला. पिवळी चादर, फाटकी. हाय नव्हं?"

महांतेश गॅलरीतल्या खुर्चीत बसला. किती दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. आता आपण ते हरवणारे राहिलो नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

आत कावेरी गुणगुणत काहीतरी कापत होती. तिला अचानक दाखवायचं म्हणून तो बोलला नाही. "जरा जाऊन येतो," म्हणाला आणि निघाला. वाटेत त्यानं पेढे घेतले. चादर सोडताना तिचा चेहरा कसा होईल, ते तो रस्ताभर बघत राहिला.

परसू गल्लीच्या तोंडाशी उभा होता. चालता चालता म्हणाला, "रागावू नका साहेब. घर बारकं. खाली ठेवलं तर कुणाचा तरी पाय लागंल, म्हणून बायकोनं भिंतीला लावलंय. आता काढून देतो."

दारातून आत येताच समोर ते होतं. महांतेशनं ते सहा वर्षं टेबलावर आडवं पाहिलं होतं. भिंतीवर कधीच नाही. दारातलं ऊन तांब्याच्या तारेवर पडलं होतं आणि पाणी हलत होतं. तो खूप वेळ बघत राहिला. त्यात करायचं काहीच राहिलेलं नव्हतं.

"तळं आहे ना, अण्णा?" परसूची बायको धनलक्ष्मी म्हणाली. "मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ओळखलं." ती चित्र काढायला स्टूल सरकवत होती.

"एवढं नाजूक काम," परसू म्हणाला. "घरी किती शोधत असतील. तुमचंच ना, साहेब?"

महांतेशला त्या संध्याकाळी कावेरीनं धुऊन ठेवलेला ब्रश आठवला. त्यानं पेढ्यांचा डबा धनलक्ष्मीच्या हातात दिला.

"काढू नका, राहू दे," तो म्हणाला. "आमचं हे नव्हे."