समुद्रवाला मल्हार

गंगाखेडच्या फलाटावर मल्हार बॅगेला टेकून बसला होता आणि पनवेलची गाडी आज येऊच नये, असं मनोमन म्हणत होता. त्याचा बाप येडबा तिकिटाच्या खिडकीकडं गेला होता. "तू बस, मी काढतो," म्हणून त्यानं पोराला जागचं उठूच दिलं नव्हतं.

दुपारी निम्मं गाव त्याला वाटेला लावायला आलं होतं. मायनं, भिवराबाईनं, धपाट्यांची चळत बांधून दिली आणि गल्लीतल्या बायकांना पुन्हा एकदा ऐकवलं, "माझा मल्हार समुद्रात लोकांला मासे धरायला शिकवतो." मेंढरामागं फिरणारं घर. गोदावरीपेक्षा मोठं पाणी घरात दुसऱ्या कुणी बघितलेलं नव्हतं. गावानं त्याचं नावच समुद्रवाला ठेवलं होतं. येताजाता जो तो विचारायचा, "कवा निघायलास?" जायचं हाय का, असं कुणी विचारलं नव्हतं.

कोकणात तो गेला होता आंब्याची बाग राखायला. तिथून होडीवर लागला. हौसेनं गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना तो आत समुद्रात न्यायचा. तांबोशी मासळी कुठल्या खडकापाशी मिळते, आमिष कुठलं लावायचं, मासा लागल्यावर दोर किती सैल सोडायचा, सगळं त्याच्या हाताला येत गेलं. हैदराबादचे पाहुणे तर त्यालाच मागून घेत. त्यांची हैदराबादी हिंदी मराठवाड्यातल्या या पोराच्या जिभेवर लहानपणापासूनची होती. ते काम त्याला मनापासून आवडायचं.

मग उन्हाळ्याच्या शेवटी एकदा वारा फिरला. आडवी लाट बसली आणि होडी पालथी झाली. मल्हार तिच्या खाली गेला. पायात दोर गुंतला. वर हात मारावा तर लाकूड, खाली काळं पाणी. कसा सुटला ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर आला तेव्हा दोघं पाहुणे जॅकेटवर तरंगत होते. त्यानं त्यांना ओढून पालथ्या होडीला धरायला लावलं. एका मोठ्या बोटीनं तिघांना उचललं. कुणाला खरचटलंही नाही. होडीच्या मालकानं पाठ थोपटली.

दुसऱ्या सकाळी तो धक्क्यावर गेला आणि त्याचा पाय होडीत पडेना.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढा आडोसा मिळाला. तो गावी आला. कुणाला काही बोलला नाही. आता मोसम उघडला होता आणि मालकाचा फोन आला होता, "मल्हार, रविवारी हैदराबादची पार्टी आहे. तुलाच मागतायत." तो "येतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आणि बापाला काय सांगणार? पहिल्यांदा तो निघाला तेव्हा मेंढरं कोण राखणार म्हणून सगळी भावकी आडवी आली होती. येडबा एकटा उभा राहिला. "पोरगं जाईल," म्हणाला, "मी त्याला अडवणार न्हाई." तेव्हापासून दुखऱ्या गुडघ्यांनी तो एकटाच मेंढरांमागं चालत होता. त्याच्यासमोर, मला भ्या वाटतं, हे शब्द मल्हारच्या तोंडातून निघत नव्हते.

गाडी आली. येडबाही आला, खांद्यावर घोंगडं टाकून, सावकाश. मल्हार उठला. पाय धक्क्यावर अडले होते तसेच अडले. त्यानं हात पुढं केला.

"आबा, तिकीट."

येडबा गाडीत चढणाऱ्या माणसांकडं बघत राहिला. "काढलं न्हाई."

"रांग होती का?"

"न्हाई. खिडकी रिकामीच होती."

मल्हारला उमगेना. येडबा गुडघा धरून त्याच्या बॅगेवर बसला.

"आल्यापासून माझ्यासंगं नदीवर यायलास," तो म्हणाला. "मेंढरं पाण्याला लागली की तू पाण्याकडं पाठ करून बसायलास. रोज बगायलोय. म्हणलं, आपणहून सांगंल."

शिट्टी झाली. गाडी हलली.

"आबा, मी होडीखाली अडकलो होतो," एवढंच तो बोलू शकला.

येडबानं त्याला खाली ओढून शेजारी बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटचा डबा निघून गेला तरी तो हात तिथंच होता. मल्हारनं छाती भरून श्वास घेतला. मग त्याला घर आठवलं, माय आठवली, दुपारी वाटेला लावायला आलेली माणसं आठवली.

"मायला काय सांगू? गावाला काय सांगू?"

येडबा उठला. बॅग त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"सांग," तो म्हणाला, "बापानं जाऊ दिलं न्हाई."