कललेले साग

"वहिनी, सगळे साग झिंगलेत की!" नवा छाप बघून दीर हसले. घरामागची टेकडी मी तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून, पत्रा आम्लात बुडवून छापली होती. झाडांच्या रेघा उताराकडे कललेल्या, थरथरत्या उमटल्या होत्या.

"गेल्या वर्षीच्या छापात सरळ उभे आहेत. आता चष्मा बदला," ते म्हणाले.

माझा चष्मा नवाच होता. शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला मनाचं काही काढताच येत नाही. दिसेल तेच हात कोरतो. काय दिसतंय, हे मात्र कोरताना माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

छाप तसाच टाकून मी उठले. मागचं दार उघडलं. साग तसेच घराकडे वाकले होते, आणि त्यांच्या वरच्या अंगाला जमीन लांबवर फाटली होती.

आत सासूबाई झोपल्या होत्या.

"भावोजी, आईंना उचला," मी म्हणाले. "चपला राहू द्या."