टोलोसाची फीत

मोटरसायकल पंक्चर झाली तेव्हा टोलोसा सगळ्यांच्या पुढं होता.

शर्यतीला वाट दाखवणारी तीच एक गाडी. ती चालवणाऱ्या मिथुननं ती सागाच्या झाडाला टेकवली आणि तो ओरडला, "भाऊ, तू जाय पुढी! रस्ता सीधा हाय. मी आलोच!"

टोलोसाला त्यातलं फक्त 'भाऊ' कळलं. इथिओपियाहून आल्यापासून तेवढा एकच शब्द त्याच्या पदरात पडला होता. तो पळत राहिला.

वय तेवीस, पण पाय म्हाताऱ्याचे. आजवर तो दुसऱ्यांसाठीच धावला होता. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत पुढं राहून नामवंतांना वेग लावून द्यायचा आणि तीस किलोमीटर झाले की मुकाट बाजूला व्हायचं, हे त्याचं काम. शेवट तो हॉटेलातल्या टीव्हीवर बघायचा. फीत छातीला लागते तेव्हा कसं वाटतं, त्याला ठाऊक नव्हतं.

एटापल्लीची ही दौड मात्र त्याची स्वतःची. आईला फोनवर सांगून आला होता, "जिंकलो तर धावत राहीन. नाही तर बूट तिकडेच टाकून घरी येतो."

मनगटावर घड्याळही नव्हतं. दुसऱ्यांच्या वेगासाठी घड्याळ बघून बघून तो विटला होता. किलोमीटरच्या पाट्या म्हणाल, तर त्या वानरांनी उपटून नेल्या असं आयोजक सांगतात. वानरांना कोणी विचारलेलं नाही.

होळी नुकतीच झालेली. ऊन चढलं होतं. घशात धूळ, मांड्या लाकडासारख्या. मागच्याची पावलं जवळ येत होती.

वळण घेतलं आणि ढोल ऐकू आला. पुढं रस्ताभर आडवी फीत. पळसाची केशरी फुलं ओवलेली! दोन्ही टोकांना बाया हसत उभ्या.

टोलोसानं उरलंसुरलं सगळं पायांत आणलं. हात वर, छाती पुढं. फीत छातीला लागली, एका टोकाला धरून उभ्या सोनीबाईची मूठ सुटली आणि तो धुळीत गुडघ्यांवर बसला. कोणीतरी त्याच्यावर गुलाल उधळला. तो हसत होता, रडत होता.

मागचा धावपटू न थांबता बाजूनं निघून गेला. टोलोसानं मोठ्या मनानं त्याला हात केला. हरलेल्याला थांबावंसं वाटत नाही, हे तो समजू शकत होता.

त्या बायांतली म्हातारी बायनाबाई पुढं आली. तळहात पसरून म्हणाली, "दे नं, भाऊ."

भाऊ! देण्यासारखं जवळ दुसरं काही नव्हतं. टोलोसानं बूट काढले, क्षणभर छातीशी धरले आणि तिच्या हातावर ठेवले.

बायनाबाईनं ते उचलून सोनीबाईला दाखवले.

"अवो सोनीबाई, फगवा मागतला तं हा पायातले बूट काढून देऊन राह्यला! होळीचा दोर आडवा दिसला का बाईच्या हातावर काही ठेवाचं अन् पुढी जाचं, एवढं बी याले ठाऊक नाई. सांग वो कोणी याले, दौडीची फीत तं अजून पुढी हाय, एटापल्लीच्या ग्राउंडावर!"