दगडी पायांचा कणगा

चिंतूने शिडीवर चढून कणग्याच्या तोंडात हात घातला. भात हाताला लागलंच नाही. लागला तो गुळगुळीत, सोललेला तांदूळ.

पडघ्याच्या अलीकडे, गोदामांच्या गराड्यात हा कणगा तेवढा वाचला होता. वाचला, कारण तसा दुसरा आसपास कुठे नव्हता. चार दगडी पायांवर उभा, कारवीच्या कुडाचा, शेणामातीने लिंपलेला आणि उंदीर चढू नयेत म्हणून दार थेट छपराखाली. चिंतूची जमीन घेणाऱ्यांना तो शोभेला हवा होता. त्यांनी शहरातून नीरजाला आणलं. जुन्या वास्तू जपणं हे तिचं काम. "काका, जसा आहे तसाच ठेवणार," असं तिने सांगितलं आणि चिंतूचा लगेच विश्वास बसला. कुंपण, कुलूप, वर वॉचमन. मग बियाणं घरात ठेवायचंच कशाला? आजोबांपासून चालत आलेलं लाल भाताचं सगळं बी त्याने नेऊन कणग्यात ओतलं. ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि दुकानातलं बी त्याच्या उरलेल्या मुरमाड तुकड्यावर जगत नव्हतं.

आज कणग्याचं उद्घाटन होतं. घरी त्याच्या बायकोने, सोमीने, पालापाचोळा जाळून राब, म्हणजे भाताचं बी पेरायचा तुकडा, भाजून ठेवला होता. पाऊस दोन दिवसांवर आला होता.

"ताई, माजं भात कुठं हाय?" त्याने खाली उभ्या नीरजाला विचारलं.

"ते होय? अहो, त्यात किडे झाले होते. सगळा कणगा झाडून घेतला, औषध मारलं. भात मागे टाकलं." नीरजाने गोदामाच्या मागे बोट दाखवलं. तिथे कालच काँक्रीट ओतलं होतं. "पण पाहुण्यांना रिकामा कणगा कसा दाखवायचा? म्हणून बासमती भरला. एक नंबर आहे."

खाली नवी पाटी चकाकत होती. तिच्यावर लिहिलं होतं की इथे पिढ्यान्‌पिढ्या बियाणं जपलं जातं. पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या.

चिंतूचा उतरलेला चेहरा नीरजाला दिसला. बाई मनाने वाईट नव्हती.

"एवढं काय मनाला लावून घेता, काका? यातला न्या ना टोपलीभर. घरी खा."

चिंतूने मूठ सैल केली. तांदूळ आत सांडला.

"खायाला रेशनचा हाय, ताई," तो शिडीवरूनच म्हणाला. "राबात काय टाकू?"