माणसाचा ऑस्ट्रेलियातला पहिला दिवस

बांबूच्या तराफ्यावर पुढे सासूबाई, मागे मी, मध्ये बायको. आमच्यात जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही, बोलायचं तर नाहीच. म्हणून मी मागे तोंड करून वल्हवत होतो. आमचं बेट केव्हाच दिसेनासं झालं होतं. "आई म्हणते, डावीकडे घे." "आईला सांग, मला पाठीला डोळे नाहीत." "आई म्हणते, अक्कल तरी आहे का?" बायको हसली, मग किंचाळली, "जमीन!" तेवढ्यात लाटेने सासूबाईंना पाण्यात ओढलं. मी वळून त्यांचे केस धरले. नजरानजर झाली. "सोड मला, मेल्या! बुडू दे!" "नाही सोडणार!" मी बोलून गेलो. किनाऱ्याला लागलो तेव्हा माझ्या मुठीत पांढरे केस होते. सासूबाई झाडामागे पळाल्या, मी खडकामागे. कुणाचंही पाऊल न पडलेला अख्खा मुलूख समोर होता, तरी आम्हाला तोंड लपवायला जागा पुरेना.