हात लावू नये

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली सरकारने उमरावतीला रयतेच्या ज्ञानवृद्धीसाठी अजबखाना उघडला. दाराशी भुसा भरलेला वाघ, आत एक दुर्बीण आणि मधोमध परातीत अमेरिकेची लांब धाग्याची रुई. वाघाला कोणी विचारीना. येणारा प्रत्येक शेतकरी सरळ परातीशी जायचा, चिमूटभर रुई बोटांत ओढून धागा बघायचा आणि घरी जायचा.

"अरे, पाटी लावली आहे ना, हात लावू नये!" रखवालीचे कारकून देवीदासपंत ओरडून ओरडून थकले.

"हात न लावता कापूस कसा पाह्यता येईन, पंत?" असं म्हणत भातकुलीचे सूर्यभानजी आणखी एक चिमूट घ्यायचे.

महिन्याभरात परात रिकामी झाली, आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब तपासणीला येणार असल्याचे कळले. नोकरी जाण्याच्या धाकाने पंतांनी घरची गादी उसवली आणि परात भरली.

साहेबांचा कापसावर मोठा अभ्यास. त्यांनी जमलेल्या लोकांसमोर ती रुई उंच धरली. "बघा, हा अमेरिकेचा धागा! तुमच्या मातीत असा कधी पिकणार नाही."

सूर्यभानजींनी सवयीने चिमूट ओढली. धाग्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग घामाने भिजलेल्या पंतांकडे पाहिलं, आणि चिमूट होती तशी परातीत ठेवली.

"पंत," ते हळूच म्हणाले, "आता मातर कोनाले हात लावू देऊ नोका."