थोडं दुखेल हं

बास्केटबॉलच्या मैदानावर दहा बायका, दोन पंच, एक चेंडू. घड्याळात अकरा सेकंद. फलकावर टपाल कचेरी ५८, दवाखाना ५७. चेंडू टपालाकडे. हरेल तो संघ स्पर्धेतून बाहेर.

घड्याळ थांबवायचं तर दवाखान्याला फाउल करणं भाग होतं. हे दोन्ही संघांना, पंचांना आणि कडेला विणकाम करत बसलेल्या आजीबाईंनाही ठाऊक होतं. नियम मात्र एवढंच विचारतो: हात चेंडूकडे गेला की माणसाकडे? चेंडूकडे गेला तर फाउल साधा; समोरच्यांना दोन फ्री थ्रो, आणि शेवटचा हुकला तर चेंडू जो पकडेल त्याचा. माणसाकडे गेला तर मुद्दाम; मग समोरच्यांना दोन फ्री थ्रो, वर चेंडूही परत त्यांनाच.

दवाखान्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई टपालवालीच्या मागे धावल्या आणि तिचा दंड हलकेच धरला. धरण्याआधी म्हणाल्या, "थोडं दुखेल हं."

शिट्टी वाजली. "मुद्दाम," पंच म्हणाले.

"अहो, मी चेंडूच घेत होते."

"मग सांगितलंत कुणाला? चेंडूला?"

"सवय आहे हो. वीस वर्षं सांगतेय."

"मला काहीच दुखलं नाही," टपालवाली म्हणाली.

पंचांनी ते विचारात घेतलं नाही. "डॉक्टर, पुन्हा असं केलंत तर मैदानाबाहेर."

दोन फ्री थ्रोपैकी एक पडला. ५९–५७. चेंडू पुन्हा टपालाकडे, नऊ सेकंद.

दवाखान्याचे भूलतज्ज्ञच संघाचे कोच होते. ते बाकावरून म्हणाले, "ताई, या वेळी तोंड बंद. आणि नजर फक्त चेंडूवर."

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटले, चेंडूवर नजर रोखली आणि जोरात हात फिरवला. चेंडू दोन इंचांनी हुकला. टपालवालीचं मधलं बोट हुकलं नाही. ती कळवळून खाली बसली.

"साधा," पंच म्हणाले. "प्रयत्न चांगला होता."

टपालवालीने तेच बोट घेऊन दोन्ही फ्री थ्रो मारले. पहिला रिंगपर्यंत पोचला नाही. दुसरा रिंगवरून उडाला, तो दवाखान्याच्या उंच नर्सने पकडला, पळत नेला आणि लांबूनच फेकला. तीन गुण. घड्याळ संपलं.

बाकावर टपालवालीच्या बोटाला बर्फ लावताना डॉक्टरीणबाईंनी खिशातली मोजपट्टी काढून दोन्ही हातांची मधली बोटं मोजली. सूज चार मिलिमीटर. दवाखाना ६०, टपाल कचेरी ५९.